यादीतली नववी ओळ

यादीकाकांना शाळेत सगळे यादीकाकाच म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण हजेरीपुस्तक त्यांच्याच कपाटात कुलूपबंद असल्यामुळे ते त्यांच्याखेरीज कुणी वाचलेलं नव्हतं. शाळेच्या कचेरीत त्यांनी तेहेतीस वर्षं कारकुनी केली. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीवरची उशी तेवढी दोनदा बदलली.

यादी केल्याशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नाही, असं काकू म्हणायच्या, आणि काकूंना माहीत असणारच, कारण त्या त्यांच्या बायको. बाजारात जाताना आणायच्या वस्तूंची यादी, आल्यावर राहून गेलेल्या वस्तूंची यादी, आणि महिनाअखेरीस कुठली यादी कुठे ठेवली आहे याची यादी. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी नव्या नवरीला स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी करून दिली होती. वरच्या फळीवर डावीकडून तिसरा डबा साखरेचा, चौथा मिठाचा, वगैरे. काकूंनी ती शांतपणे वाचली, घडी घालून उशीखाली ठेवली, आणि पाचव्या दिवशी सगळे डबे इकडचे तिकडे करून टाकले. तिथून पुढे संसार सुरळीत झाला.

आता अशा माणसाच्या हाती परदेशची सहल पडली तर काय होणार? तेच झालं.

त्या वेळच्या मुख्याध्यापिका मोठ्या हौशी. नववीच्या मुलांनी सीमेपलीकडचा देश पाहिलाच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांच्या मनानं एकदा घेतलं की बाकीच्यांच्या मनाला विचारायची शाळेत पद्धत नव्हती. दर वर्षी आठ दिवस, चाळीस मुलं, आधी आगगाडी आणि पुढे बस. बरोबर खेळाच्या बाई आणि भूगोलाचे सर. सर म्हणजे खरे विद्वान. जगातल्या कुठल्याही नदीचा उगम झोपेत सांगतील, पण शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर जिना डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न त्यांना रोज नव्यानं पडायचा. त्यामुळे सहलीची सगळी भिस्त यादीकाकांवर.

काकांनी केलेली यादी म्हणजे चौदा पानांची चोपडीच असायची. ती दोरीनं प्रत्येक मुलाच्या गळ्यात. त्यात काय नसे! 'गाडीतून उतरताना दोन पायऱ्या आहेत. तिसरी नाही, तिच्यावर पाय टाकू नये.' 'हॉटेलातला नळ उलटा फिरतो.' 'न्याहारीच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची मोडकी आहे. बसल्यास स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.' ही माहिती यायची मुलांकडून. सहलीहून परतलेल्या प्रत्येकाला काका कचेरीत समोर बसवायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. काय पाहिलंस, कुठे ठेचकाळलास, आणि कुठली जागा सगळ्यात जास्त आवडली? उत्तरं लिहून घ्यायची, ती पुढल्या वर्षीच्या चोपडीत. असं करता करता त्या परक्या गावातला दगड न् दगड त्यांना पाठ झाला होता.

स्वतः मात्र ते एकदाही गेले नाहीत. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. चाळीस मुलं परदेशी म्हणजे ऐंशी आईबाप घरी, आणि त्यांच्या चौकशांना उत्तर द्यायला कुणीतरी कचेरीतल्या फोनजवळ बसायलाच हवं. सरांचा दिवसातून एकदा फोन यायचा, त्या एका फोनवर काका ऐंशी जणांचं समाधान करायचे. "हो, जेवला. दोनदा मागून घेतलं म्हणे. नाही, सर्दी नाही." अकरा वर्षं, अकरा सहली. जाणाऱ्यांची यादी दर वर्षी त्यांनीच केली, आणि तिच्यात आपलं नाव घालावं असं त्यांना कधी सुचलं नाही. सुचलं असेलही, पण त्यांनी तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तर आता चूक. चुकीशिवाय ही गोष्ट कशाला सांगितली असती!

चोपडीच्या सहाव्या पानावर डाव्या रकान्यात जागा आणि उजव्या रकान्यात पत्ते असत. नववी ओळ होती 'थोर नकाशाकाराचे घर'. या नकाशाकारानं म्हणे घरात बसून अर्ध्या जगाचे नकाशे काढले होते, आणि भूगोलाच्या सरांचं ते दैवत होतं. दहावी ओळ होती 'शिवणकाम, गरज पडल्यास'. म्हणजे कुणाचा कपडा फाटला, पिशवीचा बंद तुटला, तर शिवून देणारं जवळपासचं कुणीतरी. परदेशच्या सहलीत शिवणकामाचा पत्ता घालणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. पत्ते उतरवताना मुख्याध्यापिकांनी आतून हाक मारली, हाताखालची पट्टी सरकली, आणि नववीचा पत्ता दहावीला, दहावीचा नववीला गेला. काका परत येऊन बसले आणि अकराव्या ओळीपासून पुढे लागले.

पहिल्या वर्षी सर चाळीस मुलं घेऊन त्या पत्त्यावर हजर झाले. अरुंद गल्ली, दुमजली लहानसं घर, पांढरं दार, दोन पायऱ्या. रुंद खिडकीला सुरेख पडदे आणि खिडकीत शिवणयंत्रावर बसलेली एक बाई. पाटी कुठेच नाही.

"सर, पाटी नाही," एक मुलगा म्हणाला.

"पाटी लहान माणसांना लागते," सर म्हणाले. "आणि यादीत आहे म्हणजे आहे."

मग त्यांनी त्या घरासमोर अर्धा तास व्याख्यान दिलं. याच खिडकीतून नकाशाकारांनी सूर्य मोजला, याच पायऱ्यांवर बसून त्यांना समुद्राची खोली सुचली. शेवटी त्यांच्या नेहमीच्या शिस्तीप्रमाणे थोर माणसाच्या आदरार्थ दोन मिनिटं शांत उभं राहायचं. चाळीस मुलं माना खाली घालून उभी. खिडकीतल्या बाईचं यंत्र थांबलं. एवढी पोरं आपल्या दारात गप्प का उभी आहेत, हे त्या बिचारीला कसं कळावं? पडदे घ्यायला आली असतील म्हणावं, तर एवढ्या लहान वयात पडदे कोण घेतं? शेवटी ती चिंध्यांची टोपली घेऊन बाहेर आली आणि प्रत्येकाच्या हातावर पडद्याच्या कापडाचा एकेक तुकडा ठेवून हसली. सरांचे डोळे भरून आले. "मुलांनो, जपून ठेवा. हा त्यांच्या खिडकीचा पडदा आहे!"

परत आल्यावर काकांनी तिसरा प्रश्न विचारला, तेव्हा चाळीसपैकी एकतीस मुलांनी एकच उत्तर दिलं. नकाशाकाराचं घर. बाकी ठिकाणी हात लावू नका, पुढे सरका, रांग मोडू नका. इथे कुणीतरी हसलं होतं आणि हातात काहीतरी दिलं होतं. पुढल्या वर्षीही तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच.

काकांची आणखी एक पद्धत होती. सहल झाली की हॉटेल, बसवाले, संग्रहालयं, सगळ्यांना आभाराची पत्रं जायची. नवव्या ओळीच्या पत्त्यावरही जायचं, 'माननीय व्यवस्थापक, थोर नकाशाकाराचे घर' अशा मायन्याचं. चौथ्या वर्षी त्याला उत्तर आलं. भाषा परकी. काकांनी ग्रंथालयातून शब्दकोश काढला, त्याची नोंद वहीत केली, आणि चार दिवस जेवणाच्या टेबलावर शब्दाला शब्द लावत बसले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा चेहरा असा उतरला की काकूंनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं.

पत्राची सुरुवात अशी होती. 'महोदय, आपण मला व्यवस्थापक म्हणता. मी पडदे शिवते. नकाशाकाराचं घर पुढल्या चौकात आहे. चार मजली आहे, फाटकावर पितळी पृथ्वी आहे, आणि ते चुकणं फार अवघड आहे. तरी आपल्याला ते जमलं.'

पत्राचा पुढचा भाग काकांनी एकदा काकूंना वाचून दाखवला, तो इथेही येईलच. तूर्त एवढंच की त्या वर्षी काकांनी चोपडी दुरुस्त केली नाही. का केली नाही? निम्मं कारण ते पत्र. उरलेलं निम्मं कारण सांगायला लाजायचं काय, घाबरले! चार वर्षं एकशे साठ मुलं आपण एका शिवणकामाच्या दुकानासमोर नतमस्तक केली, हे मुख्याध्यापिकांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आधीची चार वर्षं चुकून झाली होती. पुढची सात वर्षं त्यांनी समजून उमजून मुलांना चुकीच्या घरी धाडलं. यादीत एक शब्द इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसानं! त्या बाईचं दर वर्षी एक पत्र यायचं, हे शब्दकोश घेऊन बसायचे, आणि काकू म्हणायच्या, "आलं का तुमच्या पडदेवालीचं? हिला उत्तर लिहायला चार दिवस लागतात, आणि मी विचारलं भाजी कशी झालीय, तर नुसतं हं!"

पुढे मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नवे मुख्याध्यापक आले, त्यांना गाडी लागायची. सहली बंद पडल्या. दोनेक वर्षांनी पत्रंही थांबली. काकाही निवृत्त झाले, आणि त्यांना वाटलं, चला, झाकली मूठ झाकली राहिली.

मूठ उघडायला ढोल आला.

ढोल म्हणजे सहाव्या सहलीतला मुलगा. आवाजामुळे ते नाव पडलं होतं, आणि आता त्याचा लाकडी सामान बनवायचा कारखाना होता, तरी आवाज तोच. दारातून "काकाऽ" म्हणाला, तर शेजारच्या घरातले काकाही बाहेर आले.

"काका, अकराही सहलींची मुलं जमवतोय आम्ही! शाळेच्या सभागृहात! जुन्या आठवणी सांगायच्या, खायचं, हसायचं. आणि ऐका, सगळ्यांकडे तो पडद्याचा तुकडा अजून आहे! कुणी पाकिटात ठेवलाय, कुणी पुस्तकात. एकीनं तर देवघरात ठेवलाय!"

"देवघरात?" काकांनी विचारलं.

"मग काय! ते सगळे तुकडे एका मोठ्या लाकडी चौकटीत बसवणार, काचेखाली. चौकट माझी. खाली पितळी पट्टी. सभागृहात कायमची लागणार. त्यावरचा पडदा बाजूला करायचा मान तुमचा!"

"पट्टीवर... काय लिहिणार?"

"ते पिन बघतेय. 'थोर नकाशाकाराच्या घरचे पडदे' असंच काहीतरी असणार. दुसरं काय असणार?" एवढं बोलून ढोल चहा एका घोटात संपवून गेला.

काकांनी त्या दिवशी एकही यादी केली नाही. काकूंनी हे ओळखलं, कारण साखर आणायची राहिली.

"सांगून टाका," काकू म्हणाल्या.

"अगं, देवघरात ठेवलाय एकीनं!"

"म्हणून तर सांगा. पितळेवर कोरल्यावर सांगणार आहात का? कागदावरचं खोडता येतं. पितळ काय तुमच्या खोडरबरानं जाणार आहे?"

"तेहेतीस वर्षं लोक म्हणतायत, यादीकाकांच्या यादीत चूक नसते. दुसरं काय कमावलंय मी? मी काही नदीचे उगम सांगत नाही. मला एवढंच येतं."

यावर काकू उठल्या, कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढला, आणि ते चौथ्या वर्षीचं पत्र त्यांच्या नव्या सदऱ्याच्या खिशात घालून ठेवलं.

"सांगा नाहीतर नका सांगू," त्या म्हणाल्या. "पण हे बरोबर असू दे."

कार्यक्रमाच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचले. पाहुणे म्हणून बोलावलं होतं, पण दारात टेबल टाकून आपणच हजेरीची यादी करत बसले. सवय जाते कुठे! आलेला माणूस नाव सांगायचा, काका ओळ लिहायचे. टकलं पडलेली, पोटं सुटलेली, केस रंगवलेली मुलं एकेक करून आली. भूगोलाचे सरही आले. ऐंशीच्या पुढे गेलेले, कानात यंत्र, हातात काठी. ते सभागृहाऐवजी आधी प्रयोगशाळेत जाऊन बसले होते, तिथून त्यांना शोधून आणावं लागलं.

सर्वांत शेवटी पिन आली. पिन अकराव्या, म्हणजे शेवटच्या सहलीतली. सहलीत हिचा झगा फाटला होता आणि उरलेले सगळे दिवस तो एका पिनेवर तरला होता, तेव्हापासून पिन. आता ती मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करायची, आणि माणसांना टाके घालताना तिला स्वतःलाच हसू यायचं. काकांनी तिचं नाव त्रेसष्टाव्या ओळीत लिहिलं, बासष्टावी काकूंची होती, आणि यादीखाली रेघ मारली.

मग आठवणींना ऊत आला. एक जण सरकत्या जिन्यावर उलट्या दिशेनं पाऊण तास चालत होता, आणि जिना लांब आहे अशी त्याची समजूत होती. दोघी जणी हॉटेलच्या लिफ्टमध्ये अडकल्या आणि चोपडीत लिहिल्याप्रमाणे मोठ्यानं पाढे म्हणत बसल्या. तेवीसच्या पाढ्याला सुटका झाली. ढोलनं आगगाडीत वरच्या बाकावरून अशी काही हाक मारली होती की गार्डानं गाडी थांबवली.

"आणि काका, तुम्ही धावत आलात आणि मला दटावलंत!" ढोल म्हणाला.

"मी नव्हतो रे," काका म्हणाले.

"असं कसं? मला आठवतंय ना! 'वरच्या बाकावरून ओरडू नये,' असं म्हणालात!"

"ते चोपडीत लिहिलं होतं."

"पुलावर मला हात धरून कुणी नेलं मग?" दुसरी एक म्हणाली. "'खाली पाहू नये, समोरच्या घड्याळाकडे पाहावे,' हे कुणाचं?"

"तेही पान अकरा," काका म्हणाले. पण कुणाला पटेना. बासष्टातल्या निम्म्यांनी तरी काकांना परदेशात डोळ्यांनी पाहिलं होतं. काकूंनी शेजारून हळूच विचारलं, "एवढं सगळं हिंडून आलात आणि माझ्यासाठी काहीच आणलं नाहीत ते?"

नंतर सगळे नकाशाकाराच्या घरावर आले. आणि सभागृहाचा आवाजच बदलला. एक जण म्हणाला, घरी त्या वेळी आईबापाची भांडणं चालायची, त्या दोन मिनिटांत मला पहिल्यांदा डोक्यात शांत वाटलं. एकीनं सांगितलं, तो तुकडा मुठीत धरून मी प्रत्येक परीक्षा दिली. काका खाली मान घालून ऐकत होते. ही सगळी माझ्या सरकलेल्या पट्टीची करामत, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात ढोलनं त्यांना व्यासपीठावर नेलं. भिंतीला टेकवलेली चौकट, तिच्यावर निळं कापड, कापडाला दोरी. "काका, ओढा!"

काकांनी दोरी हातात घेतली. ओढली की झालं, खाऊन हसून सगळे घरी जातील, आणि कुणाला कधी कळणारही नाही. फक्त पट्टीवर ते राहील. आपण जाऊ, सर जातील, ही मुलंही जातील, आणि ती चूक मात्र भिंतीवर दिमाखात बसून राहील, चकचकीत. यादीकाकांना ते सहनच होईना. त्यांनी दोरी सोडली.

"ते घर नकाशाकाराचं नव्हतं," ते म्हणाले. "नववी आणि दहावी ओळ. पत्ते उलटसुलट झाले. माझ्या हातून. ते पडदे शिवणाऱ्या बाईचं घर होतं."

काकांनी चष्मा नीट केला.

"पहिली चार वर्षं मला माहीत नव्हतं. पुढची सात वर्षं माहीत होतं." हे वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं, पण अशा वेळी हळू म्हटलेलंच शेवटच्या रांगेपर्यंत जातं. "चूक माझी आहे. सरांची नाही."

सरांनी कानातलं यंत्र नीट केलं. "काय म्हणाले?" शेजारच्यानं सांगितलं. सर विचारात पडले आणि ठामपणे म्हणाले, "शक्य नाही. यादीत होतं."

पहिलं हसू कुणाला फुटलं कोण जाणे, पण मग सगळं सभागृहच फुटलं. "म्हणजे सूर्य त्या शिवणयंत्रावरून मोजला होय!" "देवघरात चिंधी ठेवलीय गं मी!" ढोलच्या हसण्यानं खिडकीची तावदानं हलली. काका मात्र हसत नव्हते. ते खांबासारखे उभे होते. तेव्हा पिन व्यासपीठावर आली.

"काका, मला माहीत होतं."

"तुला? तुला कसं?"

"माझा झगा फाटला ना, तेव्हा सरांनी यादी पाहिली आणि खेळाच्या बाईंबरोबर मला दहाव्या ओळीला पाठवलं. 'शिवणकाम, गरज पडल्यास.' गेलो तर चार मजली वाडाच! फाटकावर पितळी पृथ्वी! बाईंनी गणवेशातल्या रखवालदाराकडे खुणेनं सुईदोरा मागितला. त्यानं स्वतःच्या टोपीतली पिन काढून दिली. त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं, तर भिंतभर नकाशे आणि मधोमध भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाकाराच्याच नाकाचा पुतळा. मी चौदा वर्षांची होते, काका, पण आंधळी नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"सरांना सांगितलं. ते म्हणाले, यादीत आहे म्हणजे आहे." पुन्हा हशा झाला. पिन थांबली. "तुम्हालाही सांगणार होते. तुम्ही कचेरीत समोर बसवलंत आणि विचारलंत, कुठली जागा सगळ्यात आवडली? मी खरंच विचार केला. चार मजली आठवलं, दुमजली आठवलं. आणि मी खरं तेच उत्तर दिलं. ओढा आता दोरी."

काकांनी दोरी ओढली. काचेखाली पडद्याचे कितीतरी तुकडे होते, फुलांचे, पट्ट्यांचे, विटलेले, डाग पडलेले. खाली पितळी पट्टी होती आणि तिच्यावर काहीच कोरलेलं नव्हतं.

"मजकूर तुमच्याकडून घ्यायचा होता," पिन म्हणाली. "आजवर सगळं तुम्हीच लिहिलंत ना?"

काकांनी खिशात हात घातला. पेन्सिल काढायला घातला होता, पण हाताला पत्र लागलं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही. मग काकांनी पत्र उलगडलं आणि उरलेला भाग वाचून दाखवला. भाषांतर त्यांचंच होतं, समासात पेन्सिलीनं केलेलं.

'माझ्या नवऱ्यानं या खिडकीत चाळीस वर्षं पडदे शिवले. या गावातल्या निम्म्या खिडक्यांना त्याच्या हातचे पडदे आहेत. तो गेला तेव्हा चार माणसं आली होती, त्यातलं एक रस्ता चुकून आलं होतं. त्याच वसंतात आपली मुलं पहिल्यांदा आली आणि त्याच्या खिडकीसमोर मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. आता कळलं की आपली चूक झाली आहे. महोदय, माझी एक विनंती आहे. ती दुरुस्त करू नका.'

वाचून झाल्यावर काकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले. देवघरवाली रडत होती. ढोल पहिल्यांदाच, अगदी जन्मात पहिल्यांदा, काही बोलत नव्हता.

पहिल्या रांगेत काठीचा आवाज झाला. भूगोलाचे सर दोन्ही हातांनी काठीवर भार देऊन उठत होते. उभे राहिल्यावर त्यांनी वळून वर्गाकडे पाहावं तसं सगळ्यांकडे पाहिलं.

"दोन मिनिटं," सर म्हणाले. "या वेळी नीट."

खुर्च्या सरकल्या. टकलं, पोटं, रंगवलेले केस, सगळी नववीतली मुलं माना खाली घालून उभी राहिली. ज्याच्यासाठी अकरा वर्षं उभी राहत होती, त्याच्यासाठी आज समजून उभी राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

काकाही उभे होते. पण मुलं एका जागी उभी दिसली की त्यांचं मोजणं आपोआप सुरू व्हायचं, त्याला ते तरी काय करणार? पत्र छातीशी धरलेल्या हाताचं बोट हलायला लागलं. एक, दोन, तीन. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आले, तर चौसष्ट. यादीत त्रेसष्ट. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा चौसष्टच. दोन मिनिटं संपली, माणसं बसली, कुणी डोळे पुसले, कुणी नाक, आणि काका घाबरेघुबरे होऊन व्यासपीठावरून खाली आले.

"एक जास्त येतंय," ते काकूंच्या कानात म्हणाले.

"कुठून सुरुवात केलीत?"

काकांनी बोटाकडे पाहिलं. ते अजून छातीवरच्या पत्रापाशीच होतं.

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "लिहा की."

यादीखाली रेघ मारून झालेली होती. काकांनी खोडरबर काढलं, रेघ खोडली, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं, आणि चौसष्टाव्या ओळीत आपलं नाव लिहिलं. पूर्ण, वळणदार अक्षरात. पिन मागून डोकावून वाचत होती.

"काका," ती म्हणाली, "हे नाव आहे होय तुमचं?"